मातीचा ओलावा मोजायचा प्रकल्प: आधी ओव्हन, मग सेन्सर

शेवटच्या वर्षाचे प्रकल्प संपत आले की इंजिनिअरिंग फिजिक्सची मुलं हमखास एक अडचण घेऊन येतात. "सर, सेन्सर ७२ टक्के ओलावा दाखवतोय, पण काका म्हणतात रान सुकलंय. कुणाचं खरं?"

खरं काकांचं. काळ्या जमिनीची स्थूल घनता (पोकळीसकटच्या आकारमानावर काढलेली कोरड्या मातीची घनता) १.३ ग्रॅम प्रति घनसेंमी आणि मातीच्या कणांची घनता २.६५ धरली, तर एकूण आकारमानातली पोकळी साधारण ५१ टक्के भरते. ती सगळी पाण्याने भरली तरी त्या मातीत ७२ टक्के पाणी मावणारच नाही. मग हा आकडा आला कुठून? सेन्सर हवेत धरला ते रीडिंग शून्य मानलं, पेल्यातल्या पाण्यात बुडवला ते शंभर मानलं आणि मधे सरळ रेघ ओढली. इंटरनेटवरचे बहुतेक तयार प्रोग्रॅम हेच करतात. त्या आकड्याचा मातीशी काही संबंध नसतो.

हा प्रकल्प दिसतो इलेक्ट्रॉनिक्सचा, पण अडतो मृदाशास्त्रात, आणि सुटतो तो भौतिकशास्त्रातल्या मोजमापाच्या शिस्तीने. म्हणून खालचा क्रम मोडू नका. कॅपॅसिटिव्ह सेन्सर (मातीतल्या पाण्याने बदलणाऱ्या धारितेवरून, म्हणजे कॅपॅसिटन्सवरून, ओलावा ओळखणारा), काळी भारी जमीन आणि रब्बीचं पीक असं धरून मी लिहितोय.

वेळेचं गणित आधी

वर्ग जुलैत सुरू होतात, रब्बीची पेरणी ऑक्टोबर-नोव्हेंबरला होते. पावसाळ्यात रान सतत ओलं, त्यामुळे माती सुकत जातानाचे आकडे मिळत नाहीत. खरी मोजणी पेरणीनंतरच होणार. म्हणजे टप्पा १ ते ५ दसरा-दिवाळीच्या आत उरकायला हवेत. कॅलिब्रेशनसाठी (सेन्सरचं रीडिंग खऱ्या ओलाव्याशी जुळवून घेण्यासाठी) लागणारी माती पावसाची उघडीप बघून आणा. चिखल आणलात तर तो वाळण्यातच तीन आठवडे जातात.

## टप्पा १: प्रश्न एका ओळीत लिहा

"आयओटी आधारित स्मार्ट सिंचन" हे झालं नाव. त्यातून काय मोजायचं आणि किती अचूक, ते कळत नाही. प्रश्न असा हवा: "हरभऱ्याच्या रानात ३० सेंमी खोलीवरचा आकारमानी ओलावा ±३ अंकांच्या आत सांगता येतो का?"

आकारमानी ओलावा म्हणजे मातीच्या एकूण आकारमानात पाणी किती टक्के, आणि अंक म्हणजे त्या टक्क्यांचे अंक. हे ±३ कुठून आलं? समजा वाफसा आला (जादा पाणी निचरून माती कामाजोगी झाली) तेव्हा ओलावा ४० टक्के आहे आणि पीक कायमचं कोमेजतं तेव्हा २४. मधला साठा १६ अंकांचा. हरभऱ्याला यातला निम्मा संपला की पाणी द्यायचं म्हटलं, तर सगळा निर्णय ८ अंकांच्या पट्ट्यात घ्यायचा आहे. सेन्सरची चूक ±३ असेल तर काम भागतं, ±८ असेल तर अंदाज आणि सेन्सर सारखेच. कांद्यासारखं उथळ मुळांचं पीक घेतलं तर साठ्यातला तिसरा हिस्सा संपताच पाळी द्यावी लागते. तिथे पट्टा पाचेक अंकांचा उरतो, आणि स्वस्त सेन्सरने ते साधणं फार अवघड. पीक निवडताना हा हिशेब करा.

तपासणी: प्रश्नात पीक, खोली, एकक आणि चालणारी चूक या चारही गोष्टी आहेत का? नसतील तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २: माणसं जोडा

दोन माणसं लागतातच. एक मृदाशास्त्र जाणणारा, दुसरा रान कसणारा. राज्यात राहुरी, परभणी, अकोला आणि दापोली इथे कृषी विद्यापीठं आहेत, जिल्ह्याजिल्ह्यात कृषी विज्ञान केंद्रं आहेत. तिथे जाताना "मदत करा" एवढंच बोलू नका. एका कागदावर प्रश्न, लागणाऱ्या नमुन्यांची संख्या आणि ओव्हन किती दिवस लागेल हे लिहून न्या. ओव्हनमध्ये जागा मिळणं हीच बहुतेक वेळा सगळ्यात मोठी मदत असते.

शेतकऱ्यांना पहिल्या भेटीत सेन्सर दाखवू नका. पाणी कुठे साचतं, कुठला कोपरा आधी सुकतो, चुनखड कुठे लागते, वाफसा किती दिवसांनी येतो, हे विचारा आणि नकाशावर खुणा करा. वाफसा ओळखायची त्यांची रीत असते: मूठभर माती दाबायची, गोळा झाला पाहिजे, पण हाताला चिकटता कामा नये आणि बोटाने ढकलला की फुटला पाहिजे. प्रत्येक भेटीत सेन्सरचं रीडिंग सांगण्याआधी काकांचा किंवा ताईंचा अंदाज विचारा आणि वहीत वेगळ्या रकान्यात लिहा. आधी आकडा सांगितलात तर तो रकाना वाया गेला.

## टप्पा ३: ओव्हनची पद्धत हातात बसवा

इथे मुलं घाई करतात आणि इथेच प्रकल्प बिघडतो. सेन्सर कशाशी ताडून पाहायचा ती मोजणी पक्की नसेल, तर पुढच्या सगळ्या आलेखांना अर्थ नाही. सेन्सर विकत घ्यायच्या आधी ही पद्धत किमान दहा नमुन्यांवर करून पाहा.

लागणारं सामान: ५ सेंमी आतला व्यास आणि ५ सेंमी उंचीच्या धारदार स्टीलच्या कड्या, घट्ट झाकणाच्या ॲल्युमिनियमच्या डब्या, ०.०१ ग्रॅमचा काटा, १०५ अंश सेल्सिअसचा ओव्हन, डेसिकेटर (आत हवा कोरडी ठेवणारं झाकणाचं भांडं), पातळ सुरी.

1. प्रत्येक डबी आणि तिच्या झाकणावर एकच नंबर कोरा. मार्करने लिहिलेला नंबर ओव्हनमध्ये उडतो. रिकाम्या डबीचं वजन झाकणासह घ्या.
2. हव्या त्या खोलीपर्यंत खड्डा घ्या, तळ सपाट करा. कडीवर लाकडी ठोकळा ठेवून हळूहळू दाबा. हातोड्याने ठोकलीत तर माती दबते आणि घनता खोटी येते.
3. कडी भोवतालच्या मातीसकट उचला, दोन्ही तोंडं सुरीने कडीच्या काठाबरोबर छाटा.
4. माती तिथल्या तिथे डबीत भरा, झाकण लावा. शेतातून निघायच्या आधी वजन करता आलं तर उत्तम.
5. झाकण काढून डबीखाली ठेवा आणि १०५ अंशांवर २४ तास तापवा. वजन करा, पुन्हा दोन-तीन तास ठेवा, पुन्हा वजन करा. फरक पडला तर माती अजून सुकलेली नाही.
6. गरम डबी झाकण लावून डेसिकेटरमध्ये थंड करा. काळी माती हवेतली आर्द्रता भराभर ओढते. उघडी ठेवलीत तर वजन काट्यावरच वाढताना दिसेल.

एक उदाहरण. ओली माती १६६.० ग्रॅम, सुकल्यावर १२७.६. पाणी ३८.४ ग्रॅम. कडीचं आकारमान ९८.२ घनसेंमी. वजनी ओलावा ३८.४ ÷ १२७.६, म्हणजे ३०.१ टक्के. आकारमानी ओलावा ३८.४ ÷ ९८.२, म्हणजे ३९.१ टक्के. माती तीच, पाणी तेच, पण दोन आकड्यांत नऊ अंकांचा फरक. सेन्सरला दिसतो तो आकारमानी ओलावा. प्रयोगशाळेने दिलेला वजनी ओलावा थेट त्याच्यासमोर मांडायचा नाही. आधी स्थूल घनतेने गुणायचा. इथे १२७.६ ÷ ९८.२ = १.३० ही ती घनता.

आता चूक कुठे शिरते ते बघा. वजन तुम्ही ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत घेतलंत. पण कडीचं तोंड छाटताना माती १ मिमी खोल गेली, तर ५ सेंमीत २ टक्के आकारमान गेलं आणि ३९.१ चा आकडा ०.८ अंकाने हलला. काट्याची चूक याच्यासमोर नगण्य आहे. इंजिनिअरिंग फिजिक्सच्या विद्यार्थ्याने या कामात काय आणायचं, तर हा हिशेब. अहवालात तो आकड्यांसह यायलाच हवा.

तपासणी: एकाच चौरस मीटरमधून पाच कड्या घ्या. पाचांचे आकडे दोन-तीन अंकांत येत असतील तर हात बसला. त्यापेक्षा जास्त विखुरले तर आधी छाटणी सुधारा.

## टप्पा ४: सेन्सर जोडण्याआधी तपासा

बाजारात काळ्या पट्टीसारखे कॅपॅसिटिव्ह सेन्सर स्वस्तात मिळतात. दोन टोकांचे, धातू उघडा असलेले रेझिस्टिव्ह सेन्सर घेऊच नका. ते मातीत गंजतात. गरजेपेक्षा निम्मे जास्त सेन्सर मागवा, कारण काही निकामी निघणार.

पट्टीवरच्या टायमर चिपचं नाव भिंगाने वाचा. टीएलसी-५५५ असेल तर ३.३ व्होल्टवर चालते. एनई-५५५ असेल तर तिला किमान ४.५ व्होल्ट लागतात, ती कमी व्होल्टेजवर भरवशाची नाही. व्होल्टेज रेग्युलेटर खरोखर बसवलेला आहे का तेही बघा. काही पट्ट्यांवर तो गाळलेला असतो, मग बॅटरी उतरली की रीडिंग सरकतं.

नंतर पट्टी पाण्यात बुडवा आणि बाहेर काढून पुसा. रीडिंग दोन-तीन सेकंदांत परत यायला हवं. मिनिटभर रेंगाळत असेल तर पट्टी बाजूला काढा.

पट्टीच्या कापलेल्या कडा उघड्या असतात, तिथून पाणी आत मुरतं आणि आठवड्यागणिक रीडिंग सरकत जातं. कडांना इपॉक्सीचे दोन पातळ थर द्या. वरचा चिपचा भाग आतून गोंद असलेल्या हीट-श्रिंक नळीत बंद करा.

सावधान: लेप आधी, कॅलिब्रेशन नंतर. इपॉक्सीने धारिता बदलते. कॅलिब्रेशन झाल्यावर लेप दिलात तर सगळी मेहनत परत करावी लागेल.

तपासणी: प्रत्येक सेन्सरला नंबर द्या. हवेतलं आणि पाण्यातलं रीडिंग, पाण्याचं तापमान आणि पट्टी कुठल्या रेघेपर्यंत बुडवली ते वहीत लिहा. टप्पा ९ ला हे आकडे लागणार आहेत.

## टप्पा ५: बादलीतलं कॅलिब्रेशन

हे का जमतं ते थोडक्यात: पाण्याचा परावैद्युत स्थिरांक ८० च्या आसपास, कोरड्या मातीचा ३ ते ५, हवेचा १. मातीत पाणी वाढलं की पट्टीची धारिता वाढते आणि या सेन्सरमध्ये व्होल्टेज कमी होतं.

पण चिकणमातीच्या कणांना घट्ट चिकटलेलं पाणी मोकळ्या पाण्यासारखं वागत नाही, आणि विरघळलेल्या क्षारांमुळे वीजवहन वाढून रीडिंग ओलाव्याच्या बाजूला सरकतं. सेन्सरच्या विद्युत संकेताची वारंवारता जितकी कमी, तितका हा त्रास जास्त. म्हणून टॉप (Topp) या संशोधकाचं आणि सहकाऱ्यांचं, परावैद्युत स्थिरांकावरून ओलावा काढायचं १९८० चं प्रसिद्ध सूत्र इथे लावू नका. ते फार उच्च वारंवारतेच्या पद्धतीसाठी आहे, आणि तुमचा सेन्सर परावैद्युत स्थिरांक देतच नाही, व्होल्टेज देतो.

1. ज्या रानात आणि ज्या खोलीवर सेन्सर बसणार, तिथलीच माती आणा. सावलीत वाळवा, ढेकळं फोडा, २ मिमीच्या चाळणीतून काढा.
2. वाळलेल्या मातीतही पाणी असतं. ओव्हनने ते काढा. समजा ६ टक्के आलं.
3. पाण्याचा हिशेब करा. भांडं २ लिटरचं, घनता १.२ हवी, म्हणजे कोरडी माती २४०० ग्रॅम. ६ टक्के ओलाव्याची माती २५४४ ग्रॅम घ्यावी लागेल, त्यात १४४ ग्रॅम पाणी आधीच आहे. २५ टक्के आकारमानी ओलाव्याला ५०० ग्रॅम लागतं, म्हणून वरून ३५६ ग्रॅम घाला.
4. पाणी त्या शेताच्या विहिरीचं किंवा बोअरचं वापरा. डिस्टिल्ड पाण्याने केलेलं कॅलिब्रेशन खाऱ्या बोअरवर चुकतं.
5. माती मोठ्या परातीत पसरून फवाऱ्याने पाणी मिसळा, जाड पिशवीत तोंड बांधून पूर्ण दिवस ठेवा. त्याशिवाय ओल सगळीकडे सारखी होत नाही.
6. भांड्यावर चार रेघा मारा. मातीचे चार समान वजनाचे भाग करा आणि प्रत्येक भाग बरोबर आपल्या रेघेपर्यंत दाबा.
7. सेन्सर घाला, दहा रीडिंग घ्या, काढा, दुसऱ्या जागी घाला, परत घ्या. असं तीनदा.
8. शेवटी त्याच भांड्यातून कडीने नमुना काढून ओव्हनला लावा. आलेखावर घ्यायचा तो ओव्हनचा आकडा, तुमच्या हिशेबातला नाही.

१० ते ४५ टक्क्यांच्या मधे असे सात स्तर करा. सात बिंदूंतून सहाव्या घाताचं बहुपद काढलं तर ते सातही बिंदूंना टेकणारच, त्यात कौतुक काही नाही. दुसऱ्या घातापुढे जाऊ नका. प्रत्येक सेन्सरला आलेखावरची स्वतःची रेघ लागते; एकाची रेघ सगळ्यांना लावणं ही आणखी एक नेहमीची चूक.

तपासणी: एक भांडं प्लास्टिकने घट्ट बंद करून सेन्सरसह एक दिवस-रात्र उघड्यावर ठेवा, सोबत डीएस-१८बी-२० तापमान सेन्सर. ओलावा बदलत नाही, तरी रीडिंग जेवढं हलेल तेवढा तापमानाचा परिणाम. तो ±३ मध्ये बसतो का बघा.

## टप्पा ६: शेतात बसवणं

आमच्या एका गटाच्या रानात पाणी दिल्यावर दुसऱ्या दिवशी एक सेन्सर अचानक कोरडं दाखवायला लागला. वायर तपासली, बॅटरी बदलली, प्रोग्रॅम दोनदा चाळला. शेवटी काकांनी कुदळ घेतली आणि बाजूने उकरलं. पट्टीच्या एका अंगाला मातीला बोटभर रुंद भेग पडली होती आणि ती सरळ पट्टीच्या कडेने खाली गेली होती. आधीच्या आठवड्यात माती आकसताना पट्टीपासून सुटली होती, आणि वरून दिलेलं पाणी त्याच वाटेने खोल निघून गेलं होतं. सेन्सर खोटं बोलत नव्हता. तो भेगेतली हवा मोजत होता.

पट्टीला दिसतो तो तिच्या पृष्ठभागालगतचा काही मिलिमीटरचा थर. तिथे हवेची फट राहिली की सगळं गेलं. काळी माती ओली झाली की फुगते, सुकली की आकसते, म्हणून इथे घाई चालत नाही.

1. रान वाफशावर असताना बसवा. कोरड्यात पट्टी जात नाही, चिखलात माती लेपाळते आणि सुकताना सुटते.
2. ज्या जागी मोजायचं तिच्या बाजूला खड्डा घ्या. ३० सेंमी खोलीवर खड्ड्याच्या भिंतीत पट्टी आडवी घाला, पट्टीची कड वरच्या बाजूला. सपाट ठेवलीत तर तिच्यावर पाणी थांबतं. वरून उभी खोचलीत तर पाणी तिच्या अंगाने खाली उतरतं.
3. आधी तेवढ्याच जाडीची स्टीलची पट्टी घालून चीर करा. सेन्सर ठोकू नका.
4. माती निघाली त्याच क्रमाने, थराथराने दाबून भरा. खालची खाली, वरची वर.
5. वायरला जमिनीखाली एक वळसा द्या, तो सेन्सरपेक्षा खाली उतरला पाहिजे, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी पट्टीपर्यंत येत नाही. वायर नळीत घाला, उंदीर कुरतडतात.
6. काठीला रंगीत फडकं बांधा आणि कोळपणी करणाऱ्या माणसाला स्वतः जाऊन जागा दाखवा. रानाच्या मालकाला सांगितलं म्हणजे कोळप्यावरच्या माणसाला कळलं असं होत नाही.

एका जागी एक सेन्सर पुरत नाही. तीन ठेवा. एक भेगेत सापडला तर बाकी दोघांवरून कळतं.

सावधान: पहिल्या दोन पाण्याच्या पाळ्यांचे आकडे हिशेबात धरू नका. माती पट्टीभोवती बसायला तेवढा वेळ लागतो.

## टप्पा ७: वीज आणि नोंद

हा भाग मुलांना येतो, म्हणून फक्त चुका सांगतो. ईएसपी-३२ हा मायक्रोकंट्रोलर वापरत असाल तर सेन्सर एडीसी-१ च्या पिनवर जोडा (एडीसी म्हणजे व्होल्टेजचा आकडा करणारा भाग). एडीसी-२ वाय-फाय चालू असताना उपलब्ध नसतो. त्याचा एडीसी दोन्ही टोकांना वाकडा आहे, शक्य असेल तर एडीएस-१११५ ही वेगळी एडीसी चिप लावा. कॅलिब्रेशन ज्या एडीसीवर केलंत तोच शेतात न्या. सेन्सरला वीज फक्त मोजताना द्या आणि सुरू केल्यावर सेकंदभर थांबून मगच रीडिंग घ्या.

लोरा (लांब पल्ल्याच्या रेडिओचं) मॉड्यूल ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचंच मागवा. अमेरिकेसाठीचं ९१५ चं स्वस्त मिळतं, पण ते इथल्या परवानामुक्त पट्ट्यात बसत नाही.

साठवायचं ते कच्चं व्होल्टेज, वेळ, तापमान आणि बॅटरीचं व्होल्टेज. टक्के साठवू नका. कॅलिब्रेशनमध्ये चूक सापडली तर व्होल्टेजवरून सगळं पुन्हा काढता येतं, टक्क्यांवरून नाही. नोंदी कार्डावरही ठेवा, नेटवर्क जातंच.

## टप्पा ८: आकड्यांशी प्रामाणिक राहा

दर १५ मिनिटांनी रीडिंग घेतलं तर ३० दिवसांत २,८८० आकडे जमतात. अहवालात हाच आकडा मोठ्या अक्षरांत येतो. पण ताडून पाहायला ओव्हनचे नमुने १२ असतील, तर तुमचा नमुना १२ चा आहे. म्हणून दर भेटीत, पाणी देण्याआधी आणि वाफशावर, सेन्सरपासून अर्धा मीटर अंतरावर त्याच खोलीवरून कडी काढा. खड्डा लगेच भरा. दर वेळी दिशा बदला.

रेघ बादलीवरून काढा, परीक्षा शेतातल्या नमुन्यांवर घ्या. शेतातल्या नमुन्यांवरच रेघ बसवून त्यांच्यावरच ती किती चांगली बसते हे दाखवणं म्हणजे पेपर फोडून परीक्षा देणं. चूक सांगताना वर्गमध्यमूळ चूक (आरएमएसई) अंकांत द्या आणि सरासरी सरकही (सेन्सर एकाच बाजूला सरासरी किती चुकतो ते) वेगळी द्या. नुसता आर-स्क्वेअर (दोन आकडे सोबत किती बदलतात त्याचं माप) ०.९५ छापू नका: सेन्सर सगळीकडे ६ अंकांनी जास्त दाखवत असला तरी आर-स्क्वेअर सुंदरच येतो, आणि शेतकऱ्यांची पाळी चुकते.

काकांच्या अंदाजाचा रकाना इथे काढा. "पाणी द्या" आणि "थांबा" हे दोनच निर्णय घेऊन सेन्सर, ओव्हन आणि अंदाज यांचा तक्ता करा. परीक्षकांना हा तक्ता आलेखापेक्षा लवकर कळतो, आणि शेतकऱ्यांना दाखवायलाही हाच नेता येतो.

## टप्पा ९: सेन्सर काढताना

पीक निघालं की मुलं सेन्सर उपटून घरी जातात. उपटू नका, बाजूने उकरा. पट्टी मातीला चिकटलेली आहे की फट आहे, भेग कुठून गेली आहे, लेप कुठे उडाला आहे, हे फूटपट्टी शेजारी धरून फोटोत घ्या. मग पट्टी धुवा, दोन दिवस सावलीत वाळवा आणि टप्पा ४ सारखीच हवेत आणि पाण्यात पुन्हा मोजा, त्याच रेघेपर्यंत बुडवून आणि पाणी शक्यतो त्याच तापमानाचं घेऊन.

जुना आणि नवा आकडा शेजारी लिहा. फरक कॅलिब्रेशनच्या रेघेवर टाकून अंकांत बदला. तो ३ अंकांपेक्षा जास्त आला तर त्या सेन्सरचे आकडे ओव्हनशी जुळलेल्या शेवटच्या भेटीपर्यंतचेच वापरा, त्यापुढचे गाळा. गाळले ते अहवालात सेन्सरच्या नंबरासकट लिहा.